तोंडातल्या टाचण्या

पेडण्याच्या बाजारातल्या आमच्या टेलरच्या तोंडात कायम टाचण्या असतात. त्यामुळे तो कुणालाच उलट बोलत नाही, नुसती मान हलवतो. मला ते कधीच आवडलं नाही.

परवा तो माझ्या पायाशी बसून नव्या पँटीला टाचण्या लावत होता. तेवढ्यात गावातला एक पुढारी काळ्या कापडाचा तागा घेऊन आला. त्याला पोरांसाठी चाळीस शर्ट हवे होते. मग तो सुरूच झाला. म्हणे आपलं रक्त शुद्ध, बाहेरून आलेले ते किडे, नेत्याचा शब्द हाच कायदा, आणि लुळ्यापांगळ्यांना पोसायचं कशाला? नववीला जर्मनीचा धडा शिकवताना हेच मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. समोरच्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. टेलर मान हलवत होता.

“मापं घेत बसू नकोस रे,” पुढारी म्हणाला. “सगळे एकाच मापाचे शिव.”

टेलरची मान थांबली. त्याने टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या.

“तीस वर्सां शिवतंय. एका मापाची दोन माणसां माका कधी गावली नायत. ह्यो तागो घेवन जावा.”

पुढारी शिव्या घालत गेला आणि माझा जीव भांड्यात पडला.

“मास्तरांनू, हालू नकात,” टेलर म्हणाला. “तुमचो डावो पाय बोटभर आखूड आसा. दर खेपेक मी तितकांच वर घेतंय.”

इतकी वर्षं माझी पँट कधी डाव्या टाचेखाली आली नव्हती, ती का, ते मला तेव्हा कळलं.