पाठीवरची नावं

मानवी देह हे निसर्गानं बांधलेलं मंदिर आहे, असं सर पहिल्याच तासाला म्हणाले होते. आमच्या घराण्याला देवळांचा अनुभव फारसा चांगला नाही. तरी मी वहीत लिहून घेतलं.

फिजिओथेरपीचं पहिलं वर्ष. त्या दिवशी धडाच्या स्नायूंचा तास होता आणि कोणाच्या तरी उघड्या पाठीवर ते दाखवायचे होते. मुलं लाजत होती. शिवाय सगळ्यांच्या पाठी सपाट. तेवढ्यात सरांना व्हरांड्यात एक माणूस दिसला. हातात डब्याची पिशवी.

"ए काका, आत ये. शर्ट काढ."

ते माझे बाबा होते. नाचणगावहून माझ्यासाठी डबा घेऊन आलेले. पुलगावला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सरांनीही. "ओळखीचे आहेत का रे?"

"गावचे आहेत," मी म्हणालो.

बाबांनी ऐकलं. शर्ट काढला. नीट घडी करून टेबलावर ठेवला.

सर मार्करनं रेघा ओढू लागले. मानेपासून खांद्यापर्यंत ट्रॅपेझियस. काखेखालून कमरेकडे पसरलेला लॅटिसिमस डॉर्सी. कण्याच्या दोन्ही बाजूंना दोरखंडासारखे इरेक्टर स्पायनी. वाकलेल्या माणसाला परत उभं करणं हे त्यांचं काम. प्रत्येकावर नाव लिहिलं. मोबाइलवर फोटो निघाले. चेहरा कोणालाच नको होता.

"बघा. जिममध्ये जाऊन हे मिळत नाही. या लोकांना जन्मजातच असतं."

वर्ग हसला. मीही हसलो. एवढं एक वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली.

बाबांनी मान वळवली. थेट माझ्याकडे पाहत म्हणाले, "साहेब, झालं का? एसटी जाईन माही."

मला साहेब म्हणाले. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून.

मी शर्ट उचलला. "सर, जन्मजात नाही. तीस वर्षं सरकीची पोती वाहिली आहेत. हे माझे वडील आहेत. बाबा, शर्ट घाला."

सर घड्याळाकडे पाहत म्हणाले, "पण पोटाचे स्नायू राहिले ना."

"ते पुस्तकात पाहू, सर."

बसस्टँडवर बाबा म्हणाले, "काऊन सांगतलं बाबू? नापास करतीन ते तुले." रागावले नव्हते. घाबरले होते.

शाई पक्की निघाली. मायनं काथ्यानं घासली तरी गेली नाही. बाबा तशाच पाठीनं कामावर गेले. उजव्या खांद्यावरचं नाव आधी पुसलं गेलं. पोतं ते त्याच खांद्यावर घेत.

बाबा आता नाहीत. मी आता हाच विषय शिकवतो. त्या तासाला पाठ माझी असते. व्हरांड्यातून कोणाला बोलावलं जात नाही, आणि मी नोकरीत असेपर्यंत बोलावलं जाणार नाही. पोरांच्या हातात मार्कर देतो आणि शर्ट काढून उभा राहतो.

खुर्चीवर बसून बसून माझी पाठ मऊ झाली आहे. निम्म्या पोरांना ट्रॅपेझियस सापडत नाही.