चौकोनी भोक

संस्थानी जव्हारच्या बाजारात धोंडू सोनाराला ओळखता येणार नाही असं नाणं नव्हतं. निदान तोच तसं सांगायचा. सूर्यमाळच्या डोंगरातल्या नवशीनं तिच्या भावानं मुंबईच्या गोदीतून आणलेलं एक पितळी नाणं त्याला दाखवलं. एका बाजूला अगम्य अक्षरं, दुसरीकडं मासा, मधोमध चौकोनी भोक. डोंगरातल्या बायका नाण्यांना भोकं पाडून माळेत ओवतात, एवढंच धोंडूला ठाऊक.

"कुणाच्या गळ्यातलं तोडलंस गं?" तो गरजला. लोकांनी तिला बडवून वेशीबाहेर हाकललं.

महिन्यानं मंसूर तांबटानं मोडीत आलेली तसल्याच नाण्यांची माळ आणली. "चिनी आहेत, शेट. नुसती अक्षरं ती नाणी, मासा तो ताईत. भोकासकटच ओततात."

धोंडूनं ती विकत घेतली आणि मुशीत वितळवली.

पुढच्या बाजारी नवशी दिसताच सगळ्यांआधी तोच ओरडला, "चोरटी आली!"