शेवंतीचं स्टूल

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा आधी मला हायसं वाटलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. जिला खरं सांगायचं राहिलं होतं तीच गेली, आता सांगायला नको... मग तिथेच पायरीवर बसून रडलो.

मालवणजवळच्या एका शर्टांच्या कारखान्यात मी कटिंग मास्तर होतो, सुनंदा शिवणाऱ्या बायकांत. बाळंतपणाला गेलेल्या दोघींना मालकाने परत घेतलं नाही, तेव्हा तिने युनियन काढली. युनियनचं ऑफिस म्हणजे तिची पडवी, तिचं शिलाई मशीन आणि दोन स्टुलं. एक तिचं, दुसरं तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीचं, शेवंतीचं. शेवंती माझ्या हाताखाली कापड कापायची.

संप ठरला तसे सगळे ग्रामदेवतेपुढे जमलो. "मास्तर, तुझो आवाज मोठो, काम थोडा. तूच घाल गाऱ्हाणा," सुनंदा म्हणाली. बायका खिदळल्या. मी नारळ ठेवून देवाला सांगितलं, दोघींना परत घेईपर्यंत कुणी कामाला हात लावणार नाही. "व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी एका सुरात देवाला शब्द दिला. शेवंतीला सासऱ्यांचं सुतक होतं, ती देवळाबाहेर रस्त्यापलीकडे उभी होती.

पुढे मालकाने मला एकट्याला बोलावून नोकरी घालवायची भीती घातली. बंद कारखान्यात बसून मी सगळा माल कापून दिला. तो टेम्पोने दुसरीकडे शिवायला गेला आणि संप मोडला. कापणारे आम्ही दोघंच. मी तर गाऱ्हाणं घातलेलं. शेवंतीने "व्हय म्हाराजा" म्हटलेलं नव्हतं. एवढ्यावर सगळ्यांनी ठरवून टाकलं, माल तिनेच कापला. ती रडून शपथा घेत राहिली. सुनंदा माझ्याकडे वळली आणि लगेच स्वतःच म्हणाली, "तुका काय इचारूचा? तू कसो फिरतलंस!" मी मान खाली घातली. शेवंती तारकर्लीला माहेरी निघून गेली. मग बायकाही एकेक करून तुटल्या, युनियन नावापुरती उरली.

शेवटच्या आजारात भेटायला गेलो होतो. "शेवंतीन असा कित्याक केल्यान रे?" सुनंदाने विचारलं. मग म्हणाली, "येतली काय ती एकदा?"

मी विचारलं, "पाणी होया काय तुका?"

तेराव्यानंतर पडवीत गेलो. मशीनवर चादर टाकलेली होती. शेजारी शेवंतीचं स्टूल, पुसून ठेवलेलं. सुनंदाने त्यावर कधी कुणाला बसू दिलं नाही. मीही उभाच राहिलो.

हे छापून येण्याआधी शेवंतीच्या दारात जाऊन मला सांगायचं आहे, माल मी कापला. अजून गेलेलो नाही.