मेथिओनिन आणि शांताबाईची अंडी

नागभीडजवळच्या आमच्या पोल्ट्रीत कोंबड्या अंडी देत अन् मालक किस्से. एक सांगून संपत नाई तं दुसरा तयार! ऐंशी-पंच्याऐंशीचे दिवस. मी अंड्यांचे ट्रे भरायचो. खाद्य मात्र मालक सोताच मिसळे. दुसऱ्याचा हात पोत्याले लागू देईल तं शपथ!

*

एकदा जनावरांच्या डॉक्टरने पांढऱ्या पावडरीचा डबा आणला. मेथिओनिन. "शेंगदाण्याच्या ढेपीत हे कमी असते. थोडंसं मिसळा, अंडं मोठं येते."

वास असा, का सडलेली पत्ताकोबी! कोंबड्या सांभाळणारी शांताबाई म्हणे, "हे जहर दिसते. आधी तुम्ही खाऊन दाखवा!"

बिचाऱ्या डॉक्टरने खाल्लं. घरी गेला तं बायकोनं दारातच अडवलं, "काय पिऊन आले?"

*

तो डबा संपला, दुसरा आला. तरी अंडी लहानच होत चालली. व्यापारी रहीमभाई ट्रे पाहून म्हणाले, "सेठ, कबूतर कब से पाल लिये?"

मालकाले संशय शांताबाईचा. "आपली मोठी अंडी नेते अन् घरच्या कोंबडीची ठेवते!"

"माझ्या कोंबडीचं अंडं भुरं राह्यते, मालक. हे तं पांढरं आहे!"

"चुना लावत असशीन!"

*

मंग कोंबड्यांची पाठ उघडी पडू लागली, अन् जमिनीवर पीस एक दिसेना. मालक म्हणे, "घरी नेऊन उशा भरते ही!"

झालं, काढलं तिले कामावरून. नवरा खाटेवर पडलेला, घर तिच्याच जिवावर. जाताना शेडच्या दारात रडली. मले असा संताप आला म्हणता!

*

पुढच्या आठवड्यात डॉक्टर आला. त्याच्यासमोरच एका कोंबडीनं दुसरीचं पीस उपटलं अन् गिळलं!

"मेथिओनिन कमी पडून राह्यलं. रोज किती घालता?"

मालकाने कपाटाचं कुलूप काढलं. आत नवा डबा, सील जसंच्या तसं.

"घालू कसा? उघडला तं कोणी चोरणार नाई?"

डॉक्टर खालीच बसला.

*

मालक सोता शांताबाईच्या घरी गेला. मीही सोबत.

"चाल बाई कामावर. कपाटाची चावीही तूच ठेव."

शांताबाईनं हात पुढे केला नाई. "आधी डबा सगळ्यांसमोर तोला. मंग चावी घेतो."

मालकाले लय लागलं ते. "काऊन बाई, माझ्यावर भरोसा नाई?"

"नाई!"