जहाज सुटलं

किल्लारीहून लातूरला क्लासला जाताना जीपमध्ये मला हमखास डुलकी लागायची. त्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्याने माझा गुडघा हलवला. जीप खड्ड्यातून गदागदा हलली की तो जीपच्या पत्र्यावर तळहात टेकवायचा आणि जो पेंगत असेल त्याला उठवायचा.

"काका, झोपू द्या की," मी जरा चिडूनच म्हणालो.

"न्हाई झोपायचं, लेकरा."

ड्रायव्हर हसला. "आमचा बिनपगारी राखणदार हाय त्यो."

म्हातारा मुंबईला एका जहाज बांधणाऱ्या कंपनीत फिटर होता. आधी तिथे नुसत्या होड्या दुरुस्त व्हायच्या, मग मोठी जहाजं बांधू लागले, पुढे साखर कारखान्यांचे बॉयलरसुद्धा, असं तो अभिमानाने सांगत होता.

"नवं जहाज पाण्यात सोडताना पायाखालची जमीन थरथरती बघ. आम्ही टाळ्या वाजवायचो."

जीप पुन्हा गदागदा हलली. त्याने तळहात पत्र्यावर घट्ट दाबला.

"भूकंपाच्या टायमाला विसर्जनासाठी रजेवर गावाकडं आलतो. पहाटं जमीन तशीच हालली. बायको उठाय लागली. मी झोपंतच म्हणलो, झोप गं, जहाज सुटलंय. मला तेवढं ढिगाऱ्यातून जिवंत काढलं."

भूकंपाच्या गोष्टी ऐकतच मी मोठा झालो होतो, पण अशी कधी ऐकली नव्हती.

लातूरला जीप थांबली, इंजिन बंद झालं. तेव्हाच त्याने पत्र्यावरचा हात उचलला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आता झोपलास तरी चालंल."