बिनतारीसाठी ओढलेली तार

खांबकाका लाइनमन होते. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं नोकरी झाली आणि त्यातली निम्मी तरी जमिनीपासून वीस फुटांवर गेली, कमरेचा पट्टा खांबाला अडकवून. त्यांना एक खरं नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना खांबकाकाच म्हणायचे, आणि त्यांनीही त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी खात्याने त्यांना एक काम दिलं. तरुणपणी त्यांनी स्वतः ओढलेल्या तांब्याच्या तारा खांबांवरून उतरवायच्या होत्या. काकांनी त्या उतरवल्या, नीट गुंडाळून गोदामात जमा केल्या आणि सेवानिवृत्त झाले. फक्त बिनतारी हा शब्द कानावर आला, की त्यांच्या कपाळावर आठी पडे. एकदा त्यांनी मुलाला विचारलं, "हवेतून जातं म्हणजे नेमकं कुठून जातं रे?" मुलगा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्याने समजावून सांगायचा प्रयत्न केला, मग सुट्टी संपली.

घरात राहिली तिघं. काका, काकू आणि सून. सून वाचा-उपचार करायची. बोलताना अडखळणाऱ्या लोकांना ती व्हिडिओ कॉलवर धडे देई, सावकाश, एकेका अक्षराला जपत. तिची खोली घराच्या मागच्या अंगाला, वरच्या मजल्यावर. राउटर पुढच्या खोलीत. दोन्हींच्या मधे दीड हात जाडीची दगडी भिंत. ती भिंत काकांच्या वडिलांनी बांधून घेतलेली, त्यामुळे तिला नावं ठेवायची सोय नव्हती.

व्हायचं असं, की ऐन धड्यात सिग्नल जाई आणि सुनेचा आवाज तुटक तुटक पोहोचे. एका बेकरीवाल्याची गाडी 'प'वर अडे, आणि बिचाऱ्याला दिवसभर पावच विकायचे होते. तो एकदा तिला अगदी सहानुभूतीने म्हणाला, "मॅडम, घाबरू नका. श्वास घ्या. मलाही असंच होतं."

त्या दिवसापासून सून जिन्यात बसून धडे घेऊ लागली. तिसऱ्या पायरीवर सिग्नल चांगला येई. पण जिना म्हणजे घराचा हमरस्ता. काकू कपड्यांची टोपली घेऊन उतरायच्या, तेव्हा सुनेला बोलता बोलता भिंतीला चिकटावं लागे. कंपनीचा तंत्रज्ञ येऊन गेला. त्याने मधल्या खोलीतल्या प्लगात एक डबी खोचली. ती सिग्नल ऐकून पुढे फेकते म्हणाला. भिंतीपलीकडचं डबीलाच धड ऐकू येत नव्हतं, ती पुढे काय फेकणार? तंत्रज्ञाने हात टेकले आणि जाता जाता सांगितलं, की मागच्या खोलीपर्यंत केबल नेऊन तिथे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारी आणखी एक पेटी, बसवला तर काम होईल, पण केबल ओढणं हे काही त्याच्याकडे येत नाही.

काका वर्तमानपत्र वाचत होते. ते त्यांनी घडी करून ठेवलं.

"म्हणजे बिनतारी चालायला तार लागते," ते म्हणाले.

तंत्रज्ञ हो म्हणाला. काकांचा चेहरा असा काही खुलला, की काकूंना शंका आली आणि त्या मुद्दाम बाहेर येऊन बघून गेल्या.

दुसऱ्याच दिवशी सामान आलं. उन्हापावसात टिकणाऱ्या केबलचं वेटोळं, टोकांना लावायचे प्लग, ते दाबायचा चिमटा आणि ॲक्सेस पॉइंटची पांढरी पेटी. माहितीपुस्तक भिंगाखाली धरून काकांनी ते दोनदा वाचलं. मग शिडी काढली. काकूंनी वयाची आठवण करून दिली, तेव्हा शिडी फक्त दहा फुटांची आहे, असं उत्तर मिळालं.

बाहेरच्या भिंतीवरून केबल नेण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. हातभर अंतरावर एकेक चाप, कोपऱ्यावर मऊ वळण, कुठे ताण नाही की लोंबणं नाही. घोटाळा भोकाशी झाला. काकांनी बाहेरून माप घेतलं, ड्रिल चालवलं, पातं आरपार गेल्याचं हाताला जाणवलं. आत जाऊन बघतात, तर भोक नाही. पलंगाखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं. सुनेनेही शोधलं. शेवटी भोक सापडलं ते भिंतीतल्या कपाटात, काकूंच्या ठेवणीतल्या कोटाच्या बाहीत.

काकूंनी बाहीच्या भोकातून बोट काढून दाखवलं, आणि काकांना धास्तीच वाटली. त्यांनी दुसरं भोक पाडलं, बाहेरच्या बाजूला जरा उतरतं, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. पहिलं बुजवलं. कोट घेऊन काकू शिंप्याकडे गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत.

मग केबलची टोकं. आत आठ बारीक तारा, जोडीजोडीने पीळ घातलेल्या. काकांची बोटं त्यांवरून आपोआप फिरू लागली. प्रत्येक जोडी शेजारी शेजारी ठेवायची, हा चौतीस वर्षांचा संस्कार. तशीच बसवून त्यांनी दोन्ही टोकं दाबली. पेटीवरचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. त्यांनी पुस्तक परत उघडलं. या केबलमध्ये हिरव्या जोडीला फारकत घ्यावी लागते आणि निळी जोडी तिच्या मधे बसते, हे तिथे चित्र काढून दाखवलं होतं. काकांनी ते दोनदा वाचूनही डोळ्याआड केलं होतं. "नवरा-बायकोच्या मधे पाहुणे बसवायचे, ही कुठली रीत?" असं पुटपुटत त्यांनी टोकं कापली आणि चित्रातल्यासारखी नव्याने बसवली. दिवा लागला तो लागलाच.

सून खोलीत आली. फोनवर सिग्नल पुरेपूर होता. तिने पान उघडलं. उघडेना. जिन्यात गेली, तिथेही उघडेना. काकू घरी ठेवून गेलेला फोनही चालेना. आणखी थोड्या वेळाने घरात असं झालं, की काही यंत्रं चालत होती, काही नुसतीच सिग्नल दाखवत बसली होती, आणि बेकरीवाल्याच्या धड्याला पंचवीस मिनिटं उरली होती. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. आधी तिसरी पायरी तरी चालत होती, आता तीही गेली.

सून म्हणाली, "बाबा, राहू द्या, पेटी काढून ठेवू. आजचा धडा पायरीवर घेते."

काकांनी पेटीकडे हात नेला, आणि मधेच थांबले. त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. एकदा एक्स्चेंजमध्ये नंबर देणारे दोन कारकून एकाच सकाळी दोन वेगवेगळ्या टेबलांवर बसले होते. दोघांकडे यादी एकच. दाताच्या डॉक्टरला आणि न्हाव्याला एकच नंबर गेला आणि आठवडाभर लोक दात काढायला न्हाव्याकडे वेळ मागत होते.

"अगं, आपल्या घरात यंत्रांना नंबर कोण वाटतं?" त्यांनी विचारलं.

"राउटर," सून म्हणाली. "प्रत्येक फोनला पत्ता तोच देतो."

"आणि ही पेटी?"

सुनेने लॅपटॉप केबलने पेटीला जोडला आणि तिची सेटिंगची पानं उघडली. पेटीही तेच करत होती. शिवाय तिने स्वतःचा पत्ताही राउटरचाच लावून घेतला होता. ज्यांना पेटीने पत्ता दिला, ते फोन बाहेरची वाट तिलाच विचारत होते, आणि तिला कुठलीच वाट माहीत नव्हती. काकांनी सांगितलं, की हिचं वाटप बंद कर, हिला तिचा वेगळा पत्ता दे आणि नुसती लाइन पुढे द्यायला लाव. सुनेने तसं केलं. दोन्हीकडे नेटवर्कचं नाव एकच ठेवलं, पासवर्डही एकच, म्हणजे घरात फिरताना फोन आपोआप जवळच्याला धरेल. मग दोन्ही यंत्रं बंद करून पुन्हा सुरू केली. दिवे एकेक करून हिरवे होईपर्यंत सासरा-सून पलंगाच्या कडेवर शेजारी शेजारी बसून होते.

पान उघडलं. लगेच, विनातक्रार.

काका खाली गेले. वरून धड्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण कुठे तुटत नव्हता. त्यांनी शिडी जागेवर ठेवली, हात धुतले आणि खुर्चीत बसून राहिले. एकेकाळी जोडणी झाली, की ते खांबावरूनच चाचणीच्या फोनवर एक्स्चेंजला विचारायचे, ऐकू येतंय का. पलीकडून "स्पष्ट" एवढं ऐकलं, की पट्टा सोडायचा आणि उतरायचं. धडा संपल्यावर सून जिन्यातून डोकावली. काकांनी न राहवून विचारलंच, "ऐकू गेलं ना त्याला?"

"एकेक अक्षर," ती म्हणाली.

काकू कोट घेऊन परतल्या. शिंप्याने बाही रफू केली होती, कळूनही येत नव्हती. त्यांनी तो कपाटात टांगला, कोपऱ्यातल्या पांढऱ्या पेटीकडे पाहिलं, आणि सुनेच्या खुर्चीत बसून आपल्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. केबल कुठून आली, चाप किती सरळ रेषेत बसलेत, हे त्यांनी बहिणीला खिडकीतून फोन बाहेर काढून दाखवलं. बहिणीने विचारलं, कुणाकडून करून घेतलं. काकू म्हणाल्या, "घरचाच माणूस आहे."

आठवड्याभरात हे गल्लीत पसरलं. कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या बाई विचारायला आल्या. त्यांची पुस्तकांची मांडणी लोखंडी, तिच्यापलीकडे म्हणे काहीच पोहोचत नाही. काकांनी भिंत किती जाड, खिडकी कुठल्या बाजूला, राउटर कुठे, सगळं विचारून घेतलं आणि सकाळी येतो म्हणून सांगितलं. बाई गेल्यावर काकू आतून एवढंच म्हणाल्या, "अहो, तिथे ड्रिल लावण्याआधी आत जाऊन बघा."