रिकाम्या ताटावर जेवलेला पाहुणा

त्या डिसेंबरात माझी प्रार्थना बंद पडली होती. जपमाळ खिशात असे, पण बोटं मण्यांवरून नुसतीच फिरत. माझी बायको मार्था अंबड तालुक्यातल्या एका मिशनच्या दवाखान्यात विषमज्वराने पडून होती. तिसरा आठवडा लागला तरी ताप उतरत नव्हता. मी एका साप्ताहिकाला बातम्या पुरवत असे. कोण, कुठे, कधी, एवढं विचारायचं आणि उत्तर नसेल तर मजकूर सोडून द्यायचा, ही सवय अंगात मुरली होती. देवालाही मी तेच विचारू लागलो होतो.

दवाखाना सिस्टर आग्नेस चालवत. त्या स्लोव्हाकियातल्या एका डोंगरी खेड्यातल्या. तिकडचे मठ सरकारने बंद केल्यापासून त्यांना घरची पत्रं येत नव्हती. त्याबद्दल त्या बोलत नसत. पण नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपल्या आईच्या रीतीने रांधत. त्यासाठी कितीतरी दिवस आधी कोबी बारीक चिरून, मीठ आणि शहाजिरं लावून, बरणीत दगडाखाली दाबून आंबवत. स्वयंपाकाची येसूबाई नाकाला पदर लावून म्हणे, "सिस्टरबाई, आमच्यात असला कोबी म्हशीम्होरं टाकतेत. म्हैस बी आधी इचार करती."

"म्हशीला नको. तू खा," सिस्टर म्हणत, आणि येसूबाई पुढे त्याच कोबीचं सार दोन वाट्या पिई.

त्या जेवणाचे दोन नेम होते. एक ताट जास्तीचं मांडायचं, येईल त्याच्यासाठी. जिवंत असो वा मेलेला. आणि वाढणारीखेरीज कुणी मध्येच उठायचं नाही. जो उठेल तो पुढच्या नाताळला पंगतीत नसतो, असं सिस्टरच्या गावी मानत. पंगत सुटेपर्यंत आमच्याकडेही कुणी उठत नाही, त्यामुळे नेमाचं नवल वाटलं नाही. कारण मात्र त्या दिवसांत कानांना सोसवलं नाही.

पहिली चांदणी दिसल्यावर सिस्टरनी सगळ्यांच्या कपाळावर मधाने क्रूस काढला. वॉर्डात जाऊन मार्थाच्या कपाळावरही काढला. तिला गाढ झोप लागली होती. "झोपू दे," त्या म्हणाल्या. नर्स, कंपाउंडर, सिस्टर आणि मी टेबलाशी बसलो. मध आणि लसूण लावलेली पातळ पोळी झाली, आंबट कोबीचं सार आलं. तेवढ्यात येसूबाईने दारातून एका म्हाताऱ्या मेंढपाळाला आत आणलं. खंडूबाबा त्यांचं नाव. तळहातात बाभळीचा काटा मोडून हात सुजला होता, औषधाला आले होते. सिस्टरनी त्यांना रिकाम्या ताटावर बसवलं. ते डाव्या हाताने अवघडून सार पिऊ लागले. पुढे खसखस आणि मधात घोळलेल्या पावाच्या गोळ्या आल्या. त्यांना त्या आवडलेल्या दिसल्या.

मग त्यांनी हातातली गोळी परत ताटात ठेवली आणि मान वळवली.

"बाई हाक मारून राह्यली," ते म्हणाले.

आम्हाला काहीही ऐकू आलं नव्हतं. बाहेर वारा नव्हता. कुंपणापाशी त्यांची मेंढरं होती, तीही एकाएकी गप्प झाली होती. मी उठू लागलो. त्यांनी सुजलेला हात माझ्या खांद्यावर ठेवून मला खाली दाबलं. "तुम्ही बसा. मी उठलो." एवढं बोलून ते बाहेर पडले.

ते परतले ते मार्थाला हाताला धरून. ती अनवाणी होती. वॉर्डामागच्या विहिरीच्या कठड्यावर, पाय आत सोडून बसली होती म्हणे. कपाळावरचा मध तसाच होता. "आई बोलवत होती," ती म्हणाली. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

सिस्टरनी खंडूबाबांना विचारलं, "हिने हाक मारली?"

"न्हाई. ही गपच व्हती. हाक हिरीतून येत व्हती."

येसूबाईने मार्थाला परत खाटेवर नेऊन निजवलं. पहाटे मार्थाला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरू लागला. हाताला पट्टी बांधून घेऊन खंडूबाबा कधीच गेले होते. ते परत ताटावर बसले नाहीत.

पुढच्या नाताळला मार्था आणि मी पुन्हा त्या टेबलाशी होतो. सकाळी खंडूबाबांचा भाऊ येऊन सांगून गेला होता, "दादा चैतात गेला. काय झाल्तं न्हाई. जेवता जेवता आडवा झाला." सार वाढता वाढता येसूबाई जास्तीच्या ताटापाशी थांबली. मी विचारल्यावर ती म्हणाली, "दारातच सांगितलं व्हतं म्या त्यांना. म्हणलं, बाबा, हितं मधीच उठलं तर माणूस सालभरात जातो म्हणं, नीट बसा. तर हसले. म्हणले, मेंढरामागं फिरणारा कधी बसून जेवला का?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवताना ठाऊक होतं.

हाक कुणाची होती, ती त्यांनाच का ऐकू आली, हे मी अजून सांगू शकत नाही. विचारणंही मी थांबवलं आहे, आणि प्रार्थना पुन्हा सुरू झाली आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मार्था आमच्या घरी कोबीचं सार करते आणि एक ताट जास्तीचं मांडते. मला माझ्या जागी बसवून एक माणूस उठला होता. म्हणून मी त्या जेवणात शेवटपर्यंत बसून राहतो, आणि दार उघडं ठेवतो.